सुभानजीचा मोहरांचा हंडा

ही गोष्ट फार जुनी. किती जुनी ते मला विचारू नका, कारण ज्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाच्या लक्षात नाही.

त्या राज्यात एका उंच डोंगरावर एक गड होता. राजा गेला, फौज गेली, वाड्यांची छपरं कोसळली. उरले ते पडके तट, मोकळी जोती आणि एका बाजूला भिंत बांधून अडवलेलं पाण्याचं टाकं. एवढंच. तरी लांबलांबून माणसं गड बघायला येत, आणि पायथ्याच्या गावातले दोन वाटाडे त्यांना वर नेत. थोरला सुभानजी, धाकटा येसबा.

गर्दी असे ती येसबाच्या मागे. तो काही फार बोलका नव्हता. ठाऊक नसेल ते सरळ ‘ठाऊक नाही’ म्हणायचा. पण म्हाताऱ्यांना हात द्यायचा, दमलेल्यांना टाक्यातलं गार पाणी पाजायचा आणि उतरण्याआधी प्रत्येकाला ढासळलेला एक दगड उचलून तटावर ठेवायला लावायचा. गडाची ती जुनी रीतच होती. लोक हौसेनं दगड ठेवत आणि पुढच्या वर्षी आपला दगड जागेवर आहे का ते बघायला पुन्हा येत.

सुभानजीच्या डोळ्यांत नेमकं तेच खुपायचं. बरं, त्याला काही कमी होतं का? घरात भाकरी होती, त्याच्यामागेही चार माणसं यायची. पण येसबामागची रांग दिसली की त्याचा नुसता जळफळाट व्हायचा.

“असं काय सांगतो तो लोकांना?” त्यानं बायकोला विचारलं.

“काही सांगत नाही. दगड उचलायला लावतो,” ती म्हणाली. “तुम्ही जेवा बघू.”

पण जेवण जाईल तर शपथ. दुसऱ्या दिवशी सुभानजीनं आपल्या माणसांना तटापाशी गोळा केलं आणि आवाज खाली आणून तो म्हणाला, “कुणाला सांगू नका हं. पळून जाताना राजानं मोहरांचा हंडा या गडावरच पुरलाय.”

साफ खोटं! तटाला टेकल्या टेकल्या सुचलेलं. पण कुणाला सांगू नका म्हटलेलं गावभर व्हायला कितीसा वेळ लागतो? थोड्याच दिवसांत सगळी रांग सुभानजीमागे आली आणि येसबा एकटा पडला. सुभानजीला अगदी आभाळ ठेंगणं झालं.

लोक मात्र आता गड बघेनात. येताना पहारी आणि कुदळी आणू लागले. हौसेनं रचलेले दगड उलथून टाकले, जागोजागी खड्डे पाडले.

एकदा सुभानजीला टाक्यापाशी येसबा दिसला. अंगावर चिखल, घोंगडीत काहीतरी जड.

“काय करतोस रे?”

“खणून खणून टाक्याची भिंत हललीय, दादा. पाणी झिरपतंय. म्हणून दगड लावतोय. जरा हात लावता का?”

“लावतो की, उद्या,” म्हणत सुभानजी पुढे गेला. पण त्याच्या जिवाची तगमग सुरू झाली. मला बनवतोय. सापडलाय याला हंडा! अहो, हंडा नव्हताच, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? पण तो स्वतःशीच म्हणाला, “एवढी माणसं खणताहेत ती काय उगाच? आपण सहज बोललो आणि ते खरंच निघालं तर? आणि मिळावं कुणाला, तर येसबाला?”

येसबा चुना आणायला गावात उतरला, तसा सुभानजी पहार घेऊन टाक्याशी गेला. येसबानं लावलेले दगड त्यानं एकेक करून उपसले. आत ओली माती लागली. म्हणून आणखी आत पहार घातली.

भिंत कचकन फुटली. डोळ्यांदेखत टाक्यातलं सारं पाणी कड्यावरून खाली गेलं. तळाशी उरला गाळ. त्यात ना हंडा, ना मोहर.

पाणीच नाही म्हटल्यावर त्या उन्हात गड चढणार कोण? हंड्याच्या आशेनं आलेले शिव्या घालत निघून गेले, आणि गड बघायला येणारे अर्ध्या वाटेवरूनच परतू लागले. मग कुणी येईनासंच झालं. येसबानं बिऱ्हाड उचललं आणि तो पलीकडच्या खोऱ्यातल्या गडाकडे निघाला.

“येतो, दादा,” जाताना तो म्हणाला. “आता हा गड तुमचा एकट्याचा.”

सुभानजीला आयुष्यभर हेच तर हवं होतं.

“गेला तो,” बायको म्हणाली. “आता तरी तुमच्या जिवाला स्वस्थता लाभेल ना?”

येसबा गेला त्या वाटेकडे बघत सुभानजी दात खात म्हणाला, “भांडला नाही, तंडला नाही, इतक्या सुखासुखी गेला. म्हणजे हंडा घेऊनच गेला!”

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याला दुसऱ्याचं बरं बघवत नाही, त्याला स्वतःचं खोटंही खरं वाटू लागतं आणि त्यापायी तो हातचंही घालवून बसतो.