तोमाउराच्या शेताचं तीन बाजूंचं कुंपण

मंडळी, बूट राहू द्या पायात. अहो काका, तुम्हीसुद्धा. लेस सोडायला वाकलात आणि कंबर धरली, तर उचलून न्यायला इथे कुणी नाही. पाय धुवायला नळही शोधू नका. आत जायचंच आहे, पण आधी हे कुंपण नीट बघून घ्या.

शेत केवढं आहे बघा. आपल्या मोजणीने जेमतेम दोन गुंठे. तीन बाजूंना बांबूचं कुंपण, त्यावर पेंढ्याचा दोर, दोराला पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या. असा दोर बांधला की आतली जागा देवाची. आणि चौथी बाजू, ही समुद्राकडची, सताड उघडी. येणारा प्रत्येक जण विचारतो, बांबू कमी पडले का? मागे कोल्हापूरचे एक शेतकरी आले होते. ते तर माझ्यावरच रागावले. म्हणाले, "ताई, खारा वारा ज्या अंगानं येतोय तेच अंग उघडं टाकलंय की! लोंब्या करपून जातील." त्यांचं काही चुकलं नव्हतं. कुठलाही शहाणा माणूस पहिलं कुंपण त्याच बाजूला घालेल. या गावानेही घातलं होतं.

मी मूळची वाईची. आता वैजयंती इसोदा. या तोमाउरा गावात सून म्हणून आले, त्याला तीस वर्षं होऊन गेली. शेत आमच्या घराकडे आहे. गोष्ट मी सासूबाईंकडून ऐकली, त्यांनी त्यांच्या सासूबाईंकडून. कागदोपत्री पुरावा मागू नका, मिळणार नाही.

फार जुन्या काळी जपानात नवा सम्राट गादीवर यायचा होता. आपल्याकडे राज्याभिषेकाला जसं नद्यांचं पाणी, तसा इथे नवा तांदूळ. सम्राट त्या वर्षीचा पहिला तांदूळ स्वतःच्या हाताने देवांना वाढतो आणि मग त्यांच्या पंक्तीला बसून आपण खातो. त्याआधी त्या शेतातला एक दाणाही कुणाच्या तोंडी जायचा नाही. शेत कुठलं घ्यायचं, हे कासवाचं कवच सांगतं. कवच विस्तवावर धरतात, त्याला तडे जातात आणि जाणकार ते वाचतात. त्या वर्षी तड्यांनी तोमाउराकडे बोट दाखवलं, असं सांगतात.

गावाचा विश्वासच बसेना. कोळ्यांचं आणि चटया विणणाऱ्यांचं गाव हे. जमीन खारट. इथला तांदूळ बाजारात कुणी हुंगूनही बघत नसे. त्यातल्या त्यात बरं शेत होतं ते तोयोचं. तोयो चाळिशीची विधवा. नवऱ्याने डोंगरातली माती टोपल्यांनी वाहून, खारी माती उपसून हे शेत केलं होतं, आणि पहिलं पीक हाती यायच्या आधीच तो मासेमारीला गेला तो परतलाच नाही. आता त्याच्या शेतातला तांदूळ सम्राटाच्या ताटात जाणार होता. तोयोला आयुष्यात दुसरं काही नको होतं. मात्र तांदूळ विटाळला, तर शेतही जाणार होतं आणि तिला गावही सोडावं लागणार होतं. तसा नियमच होता.

नियम तरी किती! चारही बाजूंना कुंपण, दार फक्त डोंगराच्या अंगाला. परक्याला आत मज्जाव, आजाऱ्याला मज्जाव, अंगातून रक्त येत असेल त्याला मज्जाव. आणि आत जायचं तर आधी समुद्रात डोक्यावरून न्हाऊन यायचं. गावचा पाटील म्हणा ना, गेन्बे नावाचा, तो या सगळ्यावर नजर ठेवून असे. त्यालासुद्धा तोयोने दोनदा परत पाठवलं होतं, केस कोरडे दिसले म्हणून. लावणीपासून कापणीपर्यंत कुंपणाशी कुणाची चाहूल लागली की तिच्या तोंडून आपोआप निघायचं, "आधी समुद्रात न्हाऊन या."

कापणी झाली. पेंढ्या कुंपणाच्या आत एका खोपट्यात वाळत टांगल्या. ते खोपटं गावातल्या सगळ्या घरांपेक्षा मजबूत बांधलं होतं, दुहेरी शाकारलेलं. दहा दिवसांनी राजधानीची माणसं तांदूळ न्यायला येणार होती. तेवढ्यात वादळ आलं. तीन दिवस समुद्र गावात शिरत होता. लोक पोरंबाळं घेऊन डोंगरावरच्या देवळात गेले. तोयो तेवढी पेंढ्यांपाशी राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी वारा पडला. तोयो बाहेर येऊन बघते तो समोरच्या खडकांवर एका मोठ्या जहाजाची फळकुटं, आणि वाळूवरून एक माणूस रांगत येतोय. अंगावर भरजरी कापडाच्या चिंध्या, कपाळातून रक्त, ओठ निळे पडलेले. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा राजाचा हा मुलगा, राज्यारोहणासाठी भेटी घेऊन निघालेला. कुठल्या देशाचा, यावर गावात अजून एकमत नाही. रांगत रांगत तो कुंपणाशी पोचला आणि बांबू धरून गुडघ्यांवर उभा राहिला.

आणि तोयोच्या तोंडून सवयीने निघालं, "आधी समुद्रात न्हाऊन या."

हसू येतं ना? मलाही पहिल्यांदा आलं होतं. पण पुढे ऐका. त्या राजपुत्राला तिची भाषा येत नव्हती, पण तिने हात समुद्राकडे केला होता तो त्याला कळला. राजघराण्यातला मुलगा तो. परक्या देशात गेलं की तिथली रीत पाळायची, एवढंच लहानपणापासून शिकलेला. त्याला वाटलं, इथली रीत असेल. त्याने तोयोला मान लववून नमस्कार केला, वळला, आणि ज्या समुद्राने त्याची सगळी माणसं गिळली होती, त्याच समुद्राकडे पुन्हा रांगत निघाला.

तोयो त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तिचा नवरा असाच कुठल्यातरी परक्या किनाऱ्याला लागला असेल, आणि त्याला कुणी असंच सांगितलं असेल तर? तिला स्वतःची लाज वाटली. डोंगराकडच्या दाराने वळसा घालून जाईपर्यंत तो लाटांत गेला असता. तिने कापणीचा विळा उचलला, समुद्राकडचा पवित्र दोर कापला, बांबू मोडून काढले आणि धावत सुटली. पाणी त्याच्या मनगटांपर्यंत आलं होतं. तिने त्याला बगलेत धरलं आणि म्हणाली, "नको, नको. तसेच या."

खोपट्यात आणून तिने त्याला नव्या पेंढ्यात गुंडाळलं. गावातलं सगळं सरपण भिजलेलं. कुंपणाचे बांबू मात्र वाळलेले होते. वरून ओले, पण चिरले की आतून कोरडे. तिने समुद्राकडची सगळी बाजू चिरून जाळली. आणि त्याच्या पोटात काहीतरी ऊन जायला हवं म्हणून टांगलेल्या पेंढ्यांतले दाणे झोडले, कांडले आणि पेज केली. सम्राटाच्याही आधी, देवांच्याही आधी, त्या तांदळाला एका परक्याचं तोंड लागलं. तोयोला हे कळत नव्हतं असं नाही. सासूबाई सांगायच्या, पेज ढवळताना ती रडत होती, पण हात थांबला नव्हता.

दुपारी गेन्बे डोंगरावरून उतरला आणि कुंपण बघून मटकन खालीच बसला. "तोयो, काय करून बसलीस गं! तुझं शेत जाईल ते जाईल, गावाचं नाव जाईल त्याचं काय?" मग थोडा सावरला आणि हळूच म्हणाला, "आपण कुंपण पुन्हा बांधू. कमी पडलेला तांदूळ माझ्या कोठारातला घालू. तू फक्त गप्प राहा."

"काका, ते ताट देवांपुढे जाणार," तोयो म्हणाली. "पेज दिली ती मी. सांगायचं ते मीच सांगेन. गावाला काही माहीत नव्हतं म्हणेन."

दहाव्या दिवशी राजधानीची माणसं आली. तांदळाच्या पेट्यांमागून तोयोही चालत निघाली, सोबत गेन्बे. राजपुत्राला अजून नीट चालता येत नव्हतं, त्याला डोलीत घातलं. अंगावर तोयोच्या नवऱ्याचे जुने कपडे, वर गवताचं इरलं.

राजधानीत मोठा थाट होता. सालही न काढलेल्या ओंडक्यांचे आणि गवती छपरांचे दोन मंडप उभे होते, सोहळा झाला की मोडून टाकायचे. पटांगणात दरबारी आपापल्या हुद्द्याच्या रंगाचे पोशाख घालून बसलेले. एका बाजूला परदेशचे राजे आणि राजपुत्र, जो तो आपापल्या देशाच्या वेशात. त्यांच्या रांगेत एक आसन रिकामं होतं. ते जहाज बुडालं, अशी बातमी आधीच पोचली होती.

तांदूळ आत जाण्याआधी मुख्य पुजाऱ्याने सर्वांसमोर रीतीप्रमाणे विचारलं, "या तांदळाला कुणाचं तोंड लागलं आहे का?" उत्तर ठरलेलं असे, नाही. कुणी कान देऊनही ऐकत नसे.

तोयो म्हणाली, "लागलं आहे."

वाद्यं थांबली. पुजारी पेट्या परत न्यायची खूण करणार, तेवढ्यात त्या रिकाम्या आसनाकडे एक माणूस काठी टेकत येताना दिसला. फाटक्या कपड्यांतला कोळी, असंच सगळ्यांना वाटलं. मग परदेशी पाहुण्यांपैकी एकाने त्याला ओळखलं आणि उठून उभा राहिला. पाठोपाठ ती सगळी रांगच उभी राहिली. राजपुत्राने इरल्यातून कापलेल्या दोराचा तुकडा काढला, सम्राटापुढे ठेवला आणि दुभाष्याला सांगितलं, "माझ्या भेटी समुद्राने नेल्या. हा दोर कापला गेला म्हणून मी आलो आहे. एवढंच माझ्याकडे आहे."

सम्राट तरुण होता. त्याने कासवाचं नवं कवच आणायला सांगितलं आणि विस्तवावर धरायला लावलं. तडे गेले. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक वरच्या बाजूला. खालच्या बाजूला कवच तसंच राहिलं, म्हणे, चरासुद्धा पडला नाही. जाणकारांनी ते फिरवून फिरवून पाहिलं. कुणालाच वाचता येईना. तोयोला मात्र पाहताक्षणी कळलं. ती म्हणाली, "हे माझं शेत आहे. आज आहे तसं."

तेव्हा सम्राट म्हणाला, "आज मीही देवांना पाहुणे म्हणून जेवायला बोलावलं आहे. हिने माझ्या आधी बोलावलं, इतकंच. हा तांदूळ उष्टा नाही." आणि त्याने पेट्या आत न्यायला सांगितल्या. तोयोच्या नवऱ्याच्या शेतातला तांदूळ देवांच्या आणि सम्राटाच्या ताटात गेला.

सोहळा संपल्यावर तिला विचारलं, तुला काय हवं? ती म्हणाली, "ती बाजू आता बांधायला लावू नका." शेजारी उभ्या गेन्बेला राहवलं नाही. "अगं, आणि वाऱ्याचं काय?" "वाऱ्याचं आम्ही बायका बघू," ती म्हणाली.

आणि बघितलं. आमचं गाव चटया विणणारं. वादळाची वर्दी आली की गावातल्या बायका आपापली चटई घेऊन या उघड्या बाजूला ओळीने बसतात आणि चटया उभ्या धरतात. वारा पडेपर्यंत कुणी उठत नाही. मीही बसले आहे, चौदा वेळा. हात भरून येतात, नाकातोंडात मीठ जातं, आणि शेजारची बाई सुनेबद्दल गाऱ्हाणी सांगत असते ती वेगळीच.

दुसरी रीत राज्यारोहणाची. राजधानीत परदेशचे राजेराण्या येतात त्या सकाळी आमच्या घरची मालकीण पेजेचा वाडगा घेऊन इथे उभी राहते आणि समुद्राकडे तोंड करून हाक मारते, "तसेच या." समोर बहुतेक वेळा कुणी नसतं. मग पेज लाटांना द्यायची. पण कुणी असलंच, तर त्याला आत घेऊन ती खाऊ घालायची. तिथे आवडनिवड नाही.

आता माझं सांगते. आमच्या ह्यांनी माझ्याशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा सासूबाई दोन वर्षं त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मला भेटायला घरी आणलं तर त्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत. ते राज्यारोहणाचंच वर्ष होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रडून रडून एकटीच समुद्रावर आले. मला या रीतीचा पत्ताही नव्हता. साडीचा काठ ओला, पायाला वाळू, चेहरा सुजलेला. मागून आवाज आला म्हणून वळले, तर उघड्या बाजूला सासूबाई, हातात वाडगा. सगळं गाव त्यांच्या मागे. हाक मारून झाली होती आणि समोर मी उभी.

मी घाबरून पदराने पाय पुसायला लागले. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग त्यांनी वाडगा पुढे केला आणि मला म्हणाल्या, "राहू दे. अशीच ये."

मागच्या राज्यारोहणाला सासूबाई नव्हत्या. घरोघरी टीव्हीवर देशोदेशीचे राजेराण्या दिसत होते आणि इथे वाडगा माझ्या हातात होता. परकी बाई कशी हाक मारणार, असं कुणी म्हणेल म्हणून मी अडखळले. तर शेजारची म्हातारी म्हणाली, "तू त्याच बाजूने आलीस ना? मग तुझा आवाज लांब जाईल." मी त्यांच्या भाषेत हाक मारली. आणि मग न राहवून एकदा आपल्या मराठीतही.

आजही ही बाजू मोकळी आहे. यंदा वारा फार झाला, तरी लोंब्या बघा कशा भरल्यात. घरात पेज तयार आहे, मीठ मात्र आपापल्या चवीने घ्या. काका, पुन्हा बुटाला हात लावलात? राहू द्या हो. तसेच या.