दोर धरणारा हात

पूर्वी शंखपूर नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कड्यांवरचा मध काढणाऱ्या एका कुळात जन्माला आले होते. त्यांचे नाव सुदंत. पत्नी नंदिका आणि तिचा धाकटा भाऊ रोहक यांच्यासह ते डोंगरावर राहत.

त्या कुळाची एक रीत होती. मध काढणारा दोराने कड्यावरून उतरला, की वर दोर धरायचा तो त्याच्या बायकोच्या भावाने. बहिणीच्या सौभाग्याची काळजी त्याच्याइतकी कोणाला असणार? दोरही घरीच वळत. सांज झाली की सारे अंगणात बसून साली सोलत, पीळ देत, आणि दिवसभराचे सगळे एकमेकांच्या कानावर घालत. मोहोळाच्या घोंघाटात खालची हाक वर पोचत नसे. खालच्याने दोराला हिसके द्यायचे आणि वरच्याने ते ओळखायचे.

पुढे रोहकाला राजाच्या कोठारात चाकरी लागली. "पुनवेला येतो गं ताई," असा निरोप यायचा. नंदिका उपोसथाचे, दुपारनंतर न जेवण्याचे, व्रत धरून सकाळीच त्याचे पान मांडायची आणि दुपार टळली की ते ताट गाईपुढे ठेवायची. दोर आता तीच धरू लागली होती.

वर्षाने रोहक आला तो भाडोत्री गडी घेऊनच. राजकन्येच्या लग्नासाठी मध हवा होता. दिवस मावळायच्या आत जो सर्वांत जास्त मध देईल त्याला पायथ्याचे गाव इनाम मिळणार होते.

"दाजी, अलीकडची कपार तुम्ही घ्या, पलीकडचा कडा मी उतरतो."

"आणि तुझा दोर कोण धरणार?"

"हे गडी आहेत की! दंड बघा एकेकाचे."

"दंडांचं काय करायचंय? घरचा हात हवा रे."

"तुमचं आपलं तेच! अंगणात साली सोलत बसलात, म्हणून अजून कुडाच्या घरात आहात."

"दोन घास खाऊन तरी जा," नंदिका म्हणाली.

"आल्यावर खातो, ताई." तो मागे न बघताच गेला.

सुदंत शिडीने कपारीशी चढले, नंदिका शिडीपाशी उभी राहिली. सर्वांत मोठे पोळे अर्धे कापून झाले होते, पोळ्याखाली त्यांनी धरलेली टोपली भरत आली होती. तेवढ्यात पलीकडून आरडाओरडा झाला. गडी डोक्यावर उपरणी घेऊन धावत सुटले होते.

"बाई, पळा! मोहोळ उठलं!"

"आणि माझा भाऊ?"

"दोर झाडाला बांधलाय!" एक गडी पळता पळता ओरडला.

सुदंतांनी हातातली टोपली सोडून दिली. मधासकट ती दरीत गेली, इनामाचे गावही तिच्याबरोबर गेले. नंदिका त्यांच्याआधी पोचली होती. तिने झाडाचा फेरा सोडून दोर हातात घेतला आणि पाय रोवले. दोराला दोन हिसके बसले. तिचे हात आपसूक दोर सोडू लागले.

"थांब!" सुदंतांनी तिच्या हातांवरून दोर आवळला.

"अहो, दोन हिसके म्हणजे सैल सोड! या कड्यालाही खाली कपार आहे, तिच्यात शिरायचं असेल त्याला."

"पूर्वी दोन हिसके म्हणजे काय होतं?"

"वर ओढ. पण अडचणीत एकच हिसका देता येतो, म्हणून आपण खूण उलटी केली की!"

"ती केली त्या सांजेला रोहक अंगणात होता?"

नंदिकेने दोर घट्ट धरला. पुन्हा दोन हिसके आले, या वेळी फार दुबळे.

"निरोपातून कळवलं होतंस?"

"नाही हो. निरोपात मी एवढंच सांगायची, जेवायला ये."

"मग ओढ!"

दोघे ओढू लागले. माशा कड्यावरून उसळून वर आल्या. सुदंतांनी खांद्यावरची घोंगडी नंदिकेवर टाकली आणि स्वतः उघडेच राहिले. डोळे सुजून मिटले, ओठ सुजले, पण त्यांनी तोंडावरून हात फिरवायलासुद्धा दोर सोडला नाही. अखेर कड्याच्या काठावर एक हात दिसला. नंदिकेने तो मनगटाशी धरला.

रोहक वर येऊन पालथा पडला. मग तो म्हणाला, "खाली कपार नाही, ताई. पावसात ढासळलीय. नुसती दरी आहे."

घरी नंदिका दोघांच्या अंगातले काटे काढत होती. रोहकाने हळूच विचारले, "मी नव्हतो तेव्हा घरात अजून काय काय बदललं?"

"पुष्कळ," ती म्हणाली. "बस. सांगते."

तो बसला. राजाचा माणूस बोलवायला आला, तरी उठला नाही.

ही कथा भगवंतांनी एका सार्थवाहाला, व्यापारी तांड्याच्या नायकाला, सांगितली. बहिणीच्या गावावरून वर्षानुवर्षे तो न थांबता जात असे. भगवंत म्हणाले, "बाबा, त्या जन्मीचा रोहक तू, आणि नंदिका ही तुझी बहीण, उपासिका चित्रलता. दोर आवळणारा सुदंत मीच होतो." मुठीतले गाव सोडून आपल्या माणसाचा दोर धरणे, ही बोधिसत्त्वांची मैत्री-पारमिता, म्हणजे मैत्रीची परिसीमा. ऐकणाऱ्या साऱ्यांच्या घरी ती नांदो.