रेघ कुणाची?

अमरावतीच्या बेसबॉल मैदानावर बावीस वर्षं पंच असलेल्या सुलभाताई निंभोरकरांना संघटनेचे अध्यक्ष ढोमणेसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, चेंडू गुडघा ते छाती एवढ्या उंचीतून गेला की नाही, हे आता कॅमेरा सांगेल. तो चुकत नाही. तुमचं आणि त्याचं एकदा जरी जुळलं नाही, तरी तुम्ही घरी."

ताईंना ते लागलं, पण त्या नेहमीच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. पाच चेंडू जुळले. सहावा फलंदाजीला आलेल्या ठेंगण्या रुक्सानाच्या खांद्याजवळून गेला. कॅमेऱ्यानं स्ट्राइक, म्हणजे योग्य उंचीचा, दिला; ताईंनी बॉल, म्हणजे उंचीबाहेरचा.

साहेब हसले. ताईंनी खोलीत बसून कॅमेरा चालवणाऱ्या तंत्रज्ञाला बोलावून विचारलं, "कॅमेऱ्यात उंचीची रेघ कुणाची लावली आहे?"

"आधीच्या उंच मुलीची. बदलायची राहिली," तो ओशाळून म्हणाला.

"म्हणजे साहेब, पंच तुम्ही काढला नाहीत, नुसता आत नेऊन बसवलात," ताई म्हणाल्या. "मी चुकले तर मुली मला तोंडावर विचारतात. आतल्या माणसाला कोण विचारणार?"

कॅमेरा साहेबांनी ठेवला; पण प्रत्येक खेळाडूची रेघ सर्वांदेखत सुलभाताईंनीच ठरवायची, असा नियम केला.