तीन बोटं

"...आणि थांबतो कधी?" बुवांनी विचारलं.

भास्कर बोलता बोलता अडला. इतका वेळ स्वारी रंगात आली होती. पोटातलं बाळ तांदळाच्या दाण्याएवढं असतं, तेव्हाच त्याच्या हृदयाचा पहिला ठोका सुरू होतो आणि तो आपण पडद्यावर पाहिला आहे, असं तो सांगत होता.

डॉक्टर भास्कर फेगडे म्हणजे साधी असामी नव्हे. माणसाच्या अंगात रक्त कसं वाहतं यावर त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

इथे मात्र तो जमिनीवर मांडी घालून बसला होता. सातपुड्याच्या पायथ्याशी या मठात निरंजनगिरी बुवा लोकांना औषधं देत. नाडी बघायला तो लहानपणी त्यांच्याकडेच शिकला. मनगटावर तीन बोटं, अंगठा लांब. पहिला धडा हाच. चुकून अंगठा टेकला, की बुवा त्यावर पळीने टोला देत.

"हृदय थांबलं की ठोका थांबतो," भास्कर म्हणाला. "पुस्तकात तरी असंच आहे."

"आणि तुझ्या मते?"

बुवा खलबत्त्यात हिरडा कुटत होते. त्यांचा हात थांबला नाही.

"आई गेली तेव्हा मी उशाशी होतो," भास्कर म्हणाला. "पडद्यावरची रेघ सरळ झाली. सगळे म्हणाले, संपलं. मी तिचा हात धरला आणि... बुवा, नाडी चालू होती! मी ओरडलो. कुणी ऐकलं नाही. मला धरून बाजूला केलं आणि तिला घेऊन गेले."

"मग?"

"मग काय? तेव्हापासून तेच शोधतोय. हृदय थांबल्यावर रक्त कुठे, किती वेळ वाहतं. लोक म्हणतात, केवढं संशोधन! मला एवढंच कळायला हवंय, की मी हात सोडला तेव्हा ती होती का."

"नव्हती, असं कळलं तर?"

"तर तेही गेलं. तिचं तेवढंच माझ्यापाशी उरलंय."

बुवांनी बत्ता पुसला आणि त्याच्यापुढे धरला.

"हा घे. तिचा हात धरला होतास तसा धर."

"बत्ता?"

"धर."

लोखंडी बत्ता मनगटाएवढा जाड होता आणि गार होता. भास्करला हसूच आलं. एवढा रक्ताचा जाणकार, आणि बत्त्याची नाडी बघायची! त्याने शहाण्यासारखी तीन बोटं टेकवली.

"असा धरला होतास?"

असा नव्हता धरला. भास्करने डोळे मिटले. त्याने बत्ता दोन्ही हातांत घेतला, छातीशी ओढला आणि जत्रेत लहान पोर आईचा हात धरतं तसा गच्च आवळला.

"लागतंय काही?"

भास्करचा चेहरा उतरला. निर्जीव लोखंडात ठोका पडत होता. एक... पुन्हा एक... अगदी त्या दिवशीसारखा.

"अंगठा," तो पुटपुटला. "अंगठ्याला स्वतःची नाडी असते."

त्याने डोळे उघडून अंगठ्याकडे पाहिलं.

"कॉलेजातल्या पोरांना पहिल्या दिवशी मीच सांगतो. अंगठा लावू नका, स्वतःचेच ठोके मोजाल. आणि मीच... बुवा, ती माझीच नाडी होती. तिची नव्हती."

मग तो रडला. मोठ्या माणसाने लाज बाळगून रडावं तसा नव्हे, मोकळा रडला. इतकी वर्षं आईची म्हणून जपलेली एकच गोष्ट होती, तीही हातची गेली.

खूप वेळाने त्याने डोळे पुसले. जुन्या सवयीने अंगठा बत्त्यावरून उचलला आणि लांब धरला.

बुवांनी हात पुढे केला. आता टोला बसणार, असं वाटून भास्करने नकळत अंग चोरलं.

"तुझी नाडी सुरू कुठे झाली होती रे, भास्कर?"

"...आईच्या पोटात."

बुवांनी त्याचा अंगठा धरला, आणि पुन्हा होता तिथेच टेकवला.

"आज राहू दे."