शेवट सांगायचा नसतो

एका गावात एक भोळा केरबा राहत होता. भोळा म्हणजे किती? आईनं एकदा त्याला सांगितलं, "दुधाकडं बघत बस." केरबा बसला. दूध वर आलं, उतू गेलं, चूल विझली. केरबानं नजर हलवली नाही. आई परत आली तेव्हा म्हणाला, "सगळं बघितलं, आई. एक थेंब चुकवला न्हाई."

त्या गावात एक वाचनालय होतं. एकच खोली, चार कपाटं आणि इंदूआक्का. आक्का कधी कुणाला नुसतं पुस्तक देत नसत. सोबत दोन शब्द देत. "हे घे गं, यात एक सासू हाय. तुझ्या सासूपरीस वाईट. वाच, बरं वाटंल." बाई पुस्तक छातीशी धरून घरी जाई आणि तिला खरंच बरं वाटे.

पण खोली होती आप्पासाहेब शिंत्र्यांची. आप्पांना तिथं खताचं दुकान काढायचं होतं. त्यांनी बजावलं, "दसऱ्यापतोर गाव वाचताना दिसलं तर बघू. न्हाईतर पुस्तकं भाईर, खत आत."

आणि नेमक्या तेव्हाच आक्का पायरीवरून घसरल्या. पाय प्लॅस्टरमध्ये गेला. आता घरोघरी पुस्तकं पोचवणार कोण? गावातली शहाणी माणसं सगळी कामात होती. रिकामा होता तो केरबा.

आक्का म्हणाल्या, "केरबा, पुस्तक नुसतं द्यायचं न्हाई. आत काय हाय ते सांगून द्यायचं."

"बरं, आक्का."

केरबा पहिल्यांदा गेला दत्तोबा शिंप्याकडं. दत्तोबाला रहस्यकथा लागायच्या. केरबा म्हणाला, "दत्तोबा, झकास पुस्तक हाय. पानापानाला संशय. पोलीस समद्यांना धरत्यात. पर खून आत्यानं केलाय."

दत्तोबाची कात्री थांबली. "मग आता मी वाचू काय? कपाळ?"

पुस्तक परत आलं. आक्कांनी डोक्याला हात लावला. "आरं, शेवट सांगायचा नसतो! काय वाट्टंल ते हू दे, पुस्तकाचा शेवट तोंडातनं काढायचा न्हाई."

"बरं, आक्का."

दुसऱ्या दिवशी केरबा गेला सोनाबाईकडं. तिच्या लेकीला बघायला पाहुणे यायचे होते. सोनाबाईला पुरणपोळी झोपेतही करता आली असती, पण पाहुणे पडले शहरातले. तिला म्हैसूरपाक करायचा होता. वाचता येत नव्हतं, म्हणून केरबा पाककृतीचं पुस्तक उघडून चुलीपाशी बसला. तो वाचत गेला, ती करत गेली. पाक झाला, बेसन पडलं, तूप पडलं. कढई फसफसायला लागली. केरबानं पुस्तक फाटकन मिटलं.

"आरं, फुडं?"

"फुडं शेवट हाय."

"मग सांग की!"

"शेवट सांगायचा न्हाई."

सोनाबाई ढवळत राहिली. शेवटी उलथनं कढईत उभं राहिलं ते निघेचना. मिटलेल्या पानावर एकच ओळ उरली होती, 'जाळी पडताच कढई लगेच खाली उतरवावी.'

पाहुणे आले. नवऱ्या मुलाच्या मामांनी एक वडी तोंडात टाकली. वडी शाबूत राहिली, मामांची दाढ गेली. सोयरीक मोडली. पोरगी मात्र आतल्या खोलीत हसून हसून लोळत होती. तिला तो मुलगा मुळीच आवडला नव्हता.

आक्का म्हणाल्या, "केरबा, पाककृती म्हंजे गोष्ट न्हवं रं! त्यातलं अक्षर न् अक्षर खरं असतंय. तिथं सांगायचं, लिवलंय ते लगेच करा."

"बरं, आक्का."

मग केरबा गेला बाबू गुरवाकडं. बाबू देवळात नगारा वाजवायचा. त्याला ऐतिहासिक कादंबरी हवी होती. केरबानं ती दिली आणि म्हणाला, "बाबूदा, यात लिवलंय ते लगेच करायचं. आक्कांनी सांगितलंय."

बाबूनं मधलंच पान उघडलं. 'शत्रू वेशीला भिडला! नगारा वाजवा! दरवाजे लावा!'

बाबूनं केरबाकडं बघितलं. "लगेच?"

"लगेच."

आक्कांचा शब्द गावात कुणी मोडत नसे. बाबूनं नगारा असा बडवला की गावाची झोपमोड झाली, आणि तीसुद्धा भर दुपारी. दारं लागली, दुकानं मिटली. बाया तिखटाचे डबे घेऊन माडीवर चढल्या. वेशीतून शिरली ती दुपारची एसटी. कंडक्टर बिचारा दोन्ही हात वर करून उतरला.

आता मात्र आक्कांचा आवाज चढला. "आरं देवा! कादंबरी मनानं रचलेली असती! माणसं घाबरली तर सांगायचं, काळजी करू नका, हे समदं मनचं रचलेलं हाय."

"बरं, आक्का."

त्याच दिवशी केरबानं शाळेत पाढ्यांची पुस्तकं पोचवली. पोरं बघूनच घाबरली. केरबानं त्यांना धीर दिला. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारलं, "सात सत्ते?" अख्खा वर्ग म्हणाला, "काळजी करू नका गुरुजी, ते मनचं रचलेलं हाय."

ही बातमी आक्कांच्या कानावर जायच्या आतच दसरा आला आणि आप्पासाहेब दारात उभे राहिले. आप्पांनी आपलं आत्मचरित्र छापून घेतलं होतं. त्याचं प्रकाशन त्यांना वाचनालयातच करायचं होतं. तालुक्याहून सभापती येणार होते. आप्पा म्हणाले, "कार्यक्रम झ्याक झाला तर खोलीचा इचार करू."

आक्कांनी चारी कपाटांकडं बघितलं. एवढा एक कार्यक्रम नीट झाला की पुस्तकं वाचली! त्यांनी केरबाला दारात उभं केलं. काम सोपं होतं. मानाच्या पाहुण्यांना एकेक प्रत द्यायची.

केरबानं प्रत दिली. आणि नुसती द्यायची नसते, म्हणून सोबत दोन शब्दही दिले. "काळजी करू नका. हे समदं मनचं रचलेलं हाय."

सभापती व्यासपीठावर चढले आणि मोठ्यानं म्हणाले, "वा, आप्पासाहेब! तुम्ही कादंबरीबी लिहिता व्हय?"

गाव खो खो हसलं. आप्पा लालबुंद झाले. "खत आजच आत!" ते ओरडले.

आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी केरबाचा कान धरला. "आरं, आत्मचरित्र हाय ते! त्यातलं अक्षर न् अक्षर खरं असतंय!"

केरबाचा चेहरा उजळला. "म्हंजे म्हैसूरपाकावानी?"

"व्हय रं बाबा, म्हैसूरपाकावानी! जा, सांग समद्यांना!"

"बरं, आक्का."

केरबा व्यासपीठावर चढला. "मंडळी, माझं चुकलं. यातलं अक्षर न् अक्षर खरं हाय. आन् लिवलंय ते लगेच करायचं हाय." त्यानं पुस्तक उघडून वाचलं, "'माझी मोक्याची खोली मी गावाच्या वाचनालयाला कायमची देऊन टाकली.' आप्पा, करा."

आणि त्यानं हात पुढं केला.

आप्पांचा हात लिहिताना सैल सुटायचा, देताना आखडायचा. पण सभापतींनी टाळी वाजवली. मग गावानं वाजवली. आप्पांनी सभापतींकडं बघितलं, गावाकडं बघितलं, आणि कनवटीची किल्ली काढून केरबाच्या हातावर ठेवली. केरबानं ती आक्कांना दिली. आक्का रडत हसल्या. "केरबा, सोन्यासारखा हाईस रं!"

गोष्ट इथं थांबली असती तर केरबा शहाण्यात जमा झाला असता. पण पुस्तकाची पानं अजून बरीच उरली होती.

चहा फिरत होता तेव्हा केरबा कुठं दिसेना. थोड्या वेळानं धापा टाकत आला. "आप्पा, चला हिरीवर! लवकर!"

"कशाला?"

केरबानं वाचलं, "'विहिरीत पडलेली म्हैस पाहून मी क्षणाचाही विचार न करता उडी घेतली आणि तिला वाचवले.' म्हैस टाकून आलोय, आप्पा. तुमचीच हाय."

सभापतींसकट सगळं गाव विहिरीवर गेलं, काठी टेकत आक्कासुद्धा. विहीर पायऱ्यांची होती. म्हैस गळ्याएवढ्या पाण्यात डोळे मिटून बसली होती. इतकं सुख तिला जन्मात मिळालं नव्हतं. आप्पांना मात्र घाम फुटला. त्यांना पोहता येत नव्हतं. आंघोळसुद्धा ते तांब्यानं जपून करत.

आप्पा केरबाच्या कानाशी लागले. "आरं, ते मनचं रचलेलं हाय."

"मी तेच सांगत हुतो, आप्पा! तवा तुमीच चिडलासा." केरबानं पानावर बोट ठेवलं. "आन् हितं लिवलंय, क्षणाचाबी विचार न करता. तुमी तर विचार करत बसलाय."

आणि त्यानं आप्पांना ढकललं.

"वाचवा! वाचवा!" आप्पा पाण्यातून ओरडले.

केरबानं घाईनं पानं चाळली. "आप्पा, तसं न्हाई लिवलेलं! वाचवायचं तुमी हाय!"

ओरडा ऐकून म्हैस वैतागली. उठली, वळली आणि पायऱ्यांकडं निघाली. आप्पांनी तिची शेपटी घट्ट धरली. म्हैस एकेक पायरी चढून वर आली, तिच्यामागं आप्पा वर आले.

"माझी किल्ली!" आप्पा निथळत म्हणाले.

"देते की," आक्का म्हणाल्या. "पर मग तुमचं पुस्तक कुठल्या कपाटात ठेवू, आप्पा? मनानं रचलेल्या?"

आप्पांनी सभापतींकडं बघितलं. धोतर पिळलं. आणि गुमान घरी गेले.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. कधी पुस्तकाला हात न लावलेली माणसं रांगेत उभी होती. सगळ्यांना आप्पांचंच पुस्तक हवं होतं. सगळ्यांत पुढं होता दत्तोबा शिंपी.

आक्का अभिमानानं म्हणाल्या, "केरबा, दे त्याला. आन् दोन शब्दबी दे."

"बरं, आक्का." केरबानं पुस्तक दत्तोबाच्या हातात ठेवलं. "घे दत्तोबा, झकास हाय. शेवटी म्हैस आप्पांना वाचिवती."