मेलेल्या वानराला चार खांदे

एका डोंगराखालच्या गावात एक म्हातारी भर वाटेत फतकल मारून बसली होती, आणि तिच्यापुढे मेलेल्या वानराची पालखी अडून राहिली होती. भांडण केव्हाच पेटलं होतं. ढोल थांबले होते, गुलाल मुठीतच राहिला होता, आणि गावचा खोत लालबुंद होऊन म्हणत होता, "म्हातारे, ऊठ. देवाच्या वाटेत बसतेस, जीभ झडेल तुझी."

"झडू दे," म्हातारी म्हणाली. "आजवर भरपूर वापरून झालीय. पण पालखी इथून पुढं जायची नाही."

"ही काय तुझ्या बापाची वाट आहे?"

"बापाची नाही, नवऱ्याची आहे. याच वाटेनं त्याला ओढत नेला मी."

हे ऐकून दोन-चार जणांनी माना खाली घातल्या. खोतानं घातली नाही. खोतांच्या माना तशा सहजी खाली जात नाहीत.

तिचा नवरा गेला तो मागच्या उन्हाळ्यात. रानातून शिकेकाई आणि मध आणून विकायचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. एक दिवस त्याला झाडाखाली मेलेलं वानर दिसलं. वानर म्हणजे मारुतीचं रूप, ते कुत्र्यांच्या तोंडी कसं द्यायचं, म्हणून त्या भल्या माणसानं ते उचललं, आपल्या घोंगडीत गुंडाळून नेलं, खड्डा खणून पुरलं आणि घोंगडी खांद्यावर टाकून घरी आला. आठव्या दिवशी त्याला ताप चढला. कपाळ फुटतंय म्हणून तो भिंतीला डोकं लावून बसायचा. डोळे कुंकवासारखे लाल झाले, दातांच्या मुळांतून रक्त आलं, आणि पंधरवडा भरायच्या आत माणूस गेला.

गाव घाबरलं. खांदा द्यायला कोणी उंबरठा ओलांडला नाही. शेवटी म्हातारीनं आणि तिच्या एकुलत्या एक मुलानं त्याला दाराच्या फळीवर घातलं, फळीला दोर बांधला, आणि ओढत ओढत मसणवटीत नेलं.

एवढं करून गाव गप्प बसलं असतं तरी म्हातारीनं गिळलं असतं. पण गुरवानं देवाला कौल लावला आणि सांगितलं, वानराला वाजतगाजत नेलं नाही, चोरासारखं पुरलं, म्हणून देव कोपला. माणूस मेला तो मेला, वर त्याच्याच माथी खापर.

आणि आता यंदा खोताच्या काजूच्या बागेत पुन्हा एक वानर मरून पडलं. गावानं ठरवलं, मागची चूक पुन्हा करायची नाही. पालखी सजली. गुरवानं वानराला मांडीवर घेऊन दुधानं आंघोळ घातली. पाच गावांतून मिरवणूक काढायची, गावोगाव दर्शन द्यायचं, बायकांनी ओवाळायचं, लेकरांना पायांवर घालायचं, आणि मग समाधी बांधायची. पुढच्या खांद्याचा मान म्हातारीच्या मुलाला दिला होता, बापाचं पाप फिटावं म्हणून.

हे कळलं तेव्हा म्हातारी दळत होती. जात्यात दाणे तसेच टाकून, नवऱ्याचं धोतर काखेत मारून ती धावत सुटली होती.

"आई, ऊठ ना," मुलगा पालखीच्या दांड्याखालून हळूच म्हणाला. "लोक हसतायत."

"हसू दे. तू आधी खांदा काढ."

"काढला तर देव कोपेल. बाबांवर कोपला तसा."

"तुझ्या बाबाला देव चावला नव्हता," म्हातारी म्हणाली. "गोचीड चावली होती."

खोत खो खो हसला, आणि तो हसला म्हणून बाकीचेही हसले. "ऐका. गोचिडीनं माणूस मरतो म्हणे. मग माझ्या गोठ्यातले गडी रोज मरायला हवेत."

"सगळ्या गोचिडी सारख्या नसतात, खोत. तुम्हीच बघा, सगळे खोत तरी कुठं सारखे असतात? शेजारच्या गावचा बरा आहे."

आता हसणाऱ्यांना तोंड कुठं लपवावं कळेना.

म्हातारीला अक्षर येत नव्हतं, पण डोळे धड होते. नवऱ्याच्या घोंगडीतून तिनं तिळाएवढ्या सात गोचिडी वेचून चुलीत टाकल्या होत्या. त्याच आठवड्यात त्याच झाडाखाली सरपण गोळा करणारी एक बाई तापानं पडली, आणि तिथंच म्हशी चारणारा एक गुराखीही पडला. तिघांचा ताप एक, तिघांची जागा एक. त्या दोघांनी तर वानराला हातही लावला नव्हता, मग देव त्यांच्यावर कशासाठी कोपला? हा प्रश्न घेऊन म्हातारी वर्षभर दारोदार फिरली. लोक म्हणाले, नवऱ्याच्या दुःखानं बाई बहकली. शहाणं माणूस एकटं पडलं की त्याला वेडं ठरवायला गावाला वेळ लागत नाही.

"पालखी घटकाभर खाली ठेवा," ती म्हणाली. "मी खोटी ठरले तर मीच ढोल वाजवत पुढं चालेन."

हा सौदा लोकांना आवडला. पालखी खाली आली. म्हातारीनं नवऱ्याचं पांढरं धोतर काखेतून काढलं, जमिनीवर पसरलं, काठीनं ढकलत पालखीला भिडवलं आणि मागं सरून पुन्हा फतकल मारली.

"हे कशाला, काकी?" गुरवानं विचारलं.

"गोचिडीला रक्त लागतं, ऊन रक्त. अंग गार पडलं की ती तिथं कशाला राहील? दुसरं घर शोधते. सगळे दहा पावलं मागं सरा आणि बघा."

बराच वेळ काहीच झालं नाही. कोणीतरी खाकरलं. खोत मिशीवरून हात फिरवू लागला.

मग पांढऱ्या धोतरावर एक तीळ दिसला. तीळ चालत होता. त्याच्यामागून तीन आले, मग दहा, मग कोणी मोजेना. माणसं उभी होती त्याच बाजूला ते निघाले होते.

बायकांनी लेकरं उचलली आणि त्यांचे कपडे झटकायला सुरुवात केली. गुरव आपल्या मांडीकडे बघत राहिला, सकाळी तिथं वानर होतं.

एवढं डोळ्यांनी बघूनही खोत म्हणाला, "असतील दोन-चार किडे. झटकून टाका, धूप दाखवा. पाच गावं वाट बघतायत. आणि एवढं असेल तर ही वानरं रान सोडून गावात मरायला येतातच कशाला?"

म्हातारी इतका वेळ बसून भांडत होती. आता ती उठली.

"कशाला येतात? डोंगराची अख्खी उतरण कोणी तोडली? उंबर गेला, जांभळी गेल्या, तिथं तुमची काजूची बाग आली. ती वानरं काय खाणार, तुमचं कुंपण? आली आमच्या कौलांवर, आमच्या फणसांवर. वानर फिरेल तिथं त्याची गोचीड गळते, गुरांना चिकटते, गुरांबरोबर गोठ्यात येते. रानातलं दुखणं रानात पडून होतं. त्याला आमच्या घरची वाट तुम्ही दाखवलीत, आणि आज तेच पालखीत बसवून पाच गावांत पोचवायला निघालात."

"बाग मी गावासाठी लावली."

"असेल. गावानं अजून एक काजूगर चाखला नाही, एवढंच."

उत्तर सुचलं नाही की खोतांना हुकूम सुचतो. तो ओरडला, "उचला रे पालखी."

चौघे एकमेकांकडे बघू लागले. आधी वाकला तो म्हातारीचाच मुलगा. दांड्याला त्याचा खांदा लागणार, इतक्यात म्हातारी एकच वाक्य बोलली. ते वाक्य शेवटी येईलच, आधी त्यानं काय झालं ते ऐका.

मुलगा सरळ उभा राहिला. त्यानं गुलालानं माखलेलं उपरणं काढून पालखीवर टाकलं आणि आईशेजारी येऊन उभा राहिला. मग दुसरा आला, तिसरा आला, चौथा तर पळतच आला. खोत एकटाच दांडा धरून राहिला, आणि एकट्या माणसाला पालखी उचलत नाही.

लोकांनी लांब बांबूंनी वाळलेलं गवत पुढं ढकललं आणि पालखी, रेशीम, धोतर, वानर सगळं आहे तिथंच जाळलं. भोवतालची पन्नास पावलं जागाही भाजून काढली. घरोघरी पाणी तापलं, कपडे उकळले, आयांनी लेकरांना नखशिखांत तपासलं. पाच गावांना सांगावा गेला: मेलेलं वानर दिसलं तर हात लावू नका, जवळ जाऊ नका, गुरं तिकडं सोडू नका, आणि लपवूही नका, आधी आम्हाला कळवा.

म्हातारीनं चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रोज एक रेघ ओढली. आठ रेघा झाल्या, दहा झाल्या, पंधरा झाल्या. मुलाच्या कपाळाला ती रोज पहाटे हात लावायची, कपाळ गारच असायचं. पंधराव्या रेघेनंतर ती जात्यात राहिलेले दाणे दळायला बसली.

ताप आला तो गुरवाला. त्याच्या दारात सर्वांत आधी पेज घेऊन कोण गेलं असेल, हे सांगायला नको.

"काकी, माझा कौल चुकला," तो रडत म्हणाला.

"देवाला मध्ये घेऊ नकोस. तू चुकलास. आता पेज पी."

महिना-दीड महिना खितपत पडला, पण वाचला.

खोत सुधारला असं मात्र कोणी समजू नये. पुढच्या हंगामात त्याच्या बागेत काजू वेचायला एकही माणूस शिरेना, तेव्हा कुठं त्यानं वरची उतरण सोडली. गावानं तिथं उंबर लावले, जांभळी लावल्या. झाडं वाढायला वर्षं लागली, तोडायला एक हिवाळा पुरला होता. पण झाडं फळाला आली तशी वानरं वर गेली, आणि त्यांच्याबरोबर त्यांचं दुखणंही वर गेलं.

तात्पर्य निराळं काढत बसायला नको. म्हातारी त्या दिवशी पालखीपुढं उभी राहून जे बोलली तेच ते:

"जितेपणी ज्याला एक झाड ठेवलं नाहीत, त्याला मेल्यावर चार खांदे देताय, तर उद्या तुम्हाला द्यायला चार खांदे कोणाचे उरतील, तेवढं ठरवा आणि मग पालखी उचला."