आधी नवा दोरा

ऐका बायांनो, फार फार वर्षांमागची गोष्ट. डोंगरातल्या गुहेत ऋषींनी एक राक्षस कोंडला होता. दाराच्या धोंड्याला मंत्राचा दोरा होता. तो दरवर्षी बदलायचा वसा खारीच्या घराण्याकडे होता. त्या वर्षी सासू गेली आणि वसा सुनेकडे आला. तिची तीन पिल्लं गुहेवरच्याच झाडाच्या ढोलीत होती.

तीन डोंगर ओलांडून देवळातला नवा दोरा तोंडात धरून ती परतली, तेव्हा जुन्याचा एकच पीळ उरला होता.

आतून राक्षस गोड आवाजात म्हणाला, "आलीस का सूनबाई? आधी जुना सोड, मग नवा बांध. निर्माल्यावर ताजं फूल कुणी वाहतं का?"

रोजच्या पूजेत खार तसंच करायची, आणि सासूबाईंना विचारायचं तर राहूनच गेलं होतं. तिनं जुन्या गाठीला दात लावले. तेवढ्यात वर पिल्लं चिरचिरली आणि ती थबकली.

"फुलाचं खरं आहे," ती म्हणाली, "पण अखंड दिव्याची नवी वात लागल्यावरच जुनी काढतात. मध्ये अंधार होऊ देत नाहीत."

"चुकलीस तर देव कोपेल हो."

"कोपला तर माझ्यावर कोपेल. तुम्ही सुटलात तर पिल्लांवर याल."

तिनं नव्या दोऱ्याचे सात वेढे घट्ट बांधले आणि मगच जुना कुरतडला. धोंडा हलला नाही. राक्षस आत दात खात बसला.

खारीची पिल्लं त्या संध्याकाळी जशी निर्धास्त निजली, तशी तुमची आमची निजोत.